वहीची पहिली ओळ

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिची पहिली तेवीस पानं भरलेली आहेत, बाकीची कोरी. गाडीला दुसरं इंजिन बसवलं त्या दिवसापासून तिच्यातला दोष सापडला त्या दिवसापर्यंतच्या, म्हणजे एकोणीस दिवसांच्या नोंदी तिच्यात आहेत. नोंदी तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. एका औषधांच्या कारखान्यात मी चोवीस वर्षं तेच करतोय. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं आम्ही नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगतो. नोंद समोर असूनही ती दिसत नाही, असंही होतं. ते आम्ही सांगत नाही.

गाडी आठ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, लहान. डिसेंबरात रेडिएटरचा पाइप फुटला आणि मी काट्याकडे न बघता सायनपासून परळपर्यंत ती तशीच आणली. इंजिन जळलं. चूक माझी. ती मी कुणावर ढकलली नाही. मिस्त्रीने इंजिन उघडून पाहिलं आणि सांगितलं, "भाऊ, याच्यात जीव ओतत बसू नका. कुर्ल्यात याच मॉडेलचं निघालेलं इंजिन मिळेल, ते टाकू." मिस्त्री माझ्याच वयाचा, आमच्याच जिल्ह्यातला. परळला एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून त्याचा गाळा आहे. आम्ही डिलाईल रोडला राहतो, चालत गेलं तर अठरा मिनिटं.

घाई होती ती बाबांना. बाबा तेव्हा एकोणऐंशीचे. गिरणी बंद पडल्यावर एकतीस वर्षं त्यांनी टॅक्सी चालवली. नोव्हेंबरात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ते नीट साधलं नाही, म्हणून लघवीची नळी आणि पिशवी मागे लागली. जानेवारीच्या सुरुवातीला गावाहून फोन आला की आत्या पडवीच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला, आणि कणकवलीच्या डॉक्टरांनी या वयात ऑपरेशन नको म्हणून परत पाठवलं.

आत्या चौऱ्याऐंशीची. आजी लवकर गेली. बाबा तेव्हा तीन वर्षांचे आणि आत्या आठची. त्या आठ वर्षांच्या मुलीने त्यांना वाढवलं. बाबा तिला बाय म्हणत. मला ते दोघं एकमेकांशी कधी गोड बोललेले आठवत नाहीत. फोनवरसुद्धा भांडल्यासारखेच बोलत.

"बाय, येतंय गो. गाडी झाली काय येतंय."

तिचा मुलगा फोन तिच्या कानाला धरायचा, त्याचा स्पीकर चालू असायचा, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"माका गाडी काय करूची आसा?" आत्या म्हणायची. "तू ये."

गाव इथून साडेचारशे किलोमीटर. बसची पायरी बाबांना चढवत नव्हती आणि पिशवी दर दोन तासांनी रिकामी करावी लागायची. इंजिन बसल्याच्या पाचव्या दिवशी बायको मला म्हणाली होती, "भाड्याची गाडी सांगा ना. एका फोनचं काम आहे." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "परक्याच्या सीटवर पिशवी सांडली तर? ती सीट कोणी धुवायची? मी धुतलंय लोकांचं, माका ठाऊक आसा." मग म्हणाले, "तुझी गाडी परवा होता ना?"

मी म्हणालो, "हो, परवा होईल."

हे वाक्य मी त्या एकोणीस दिवसांत सहा वेळा म्हणालो. वहीत ते नाही, पण मी नंतर आठवून मोजलं.

पुन्हा मागे जातो. इंजिन बसलं तो दिवस सोमवार. बाबा हट्टाने माझ्याबरोबर आले. येताना कापडी पिशवीत अगरबत्ती, हळदकुंकू आणि सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ. टॅक्सीच्या काळापासून त्यांचा नियम होता. इंजिन उघडलं की बंद करताना नारळ. तोही नुसता चाकासमोर फोडायचा नाही. चाकाचा नारळ दसऱ्याचा. इंजिनाचा नारळ इंजिनावरच धरायचा, फोडायचा, आणि पाणी इंजिनावर सोडायचं. "त्येका पयलो घोट देवचो," ते म्हणायचे. त्यांच्या टॅक्सीचं इंजिन म्हणजे लोखंडाचा ठोकळा. त्याच्यावर पाणी पडलं की चर्र व्हायचं आणि वाफ होऊन जायचं. एकतीस वर्षांत त्याने कधी तक्रार केली नाही.

मिस्त्री हात पुसत बाजूला उभा राहिला. बाबांनी इंजिनावर कुंकवाचं बोट ओढलं, पान्याच्या एका फटक्यात नारळ फोडला आणि दोन्ही वाट्या इंजिनावर उपड्या केल्या. मिस्त्रीने चप्पल काढून नमस्कार केला. मीही केला. मग चावी फिरवली, दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. मी घड्याळ बघून वहीत पहिली ओळ लिहिली: "स. ११.१०. पूजा, नारळ. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू. आवाज ठीक."

बुधवारी सकाळी परळच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. आधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाचं चित्र असलेला, आणि अर्ध्या मिनिटात इंजिन गेलं. मागून बस होती. तिच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, खाली उतरून गाडी ढकलून दिली, तेव्हा मला जास्त भीती वाटली. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

गाडीच्या स्टिअरिंगखाली एक खाच असते. तिथे स्कॅनर लावला की इंजिनाचा कॉम्प्युटर त्याला जे खटकलं ते आकड्यात सांगतो. मी स्वतःसाठी एक छोटा स्कॅनर आणला, फोनवर वाचता येणारा. दोन कोड होते. पी-०३३५ आणि पी-०३४०. पहिला क्रँक सेन्सरचा, दुसरा कॅम सेन्सरचा. इंजिनाचा खालचा दांडा आणि वरचा दांडा आत्ता कुठे आहे, हे सांगणारे हे दोन पहारेकरी. ते गप्प झाले की कॉम्प्युटरला ठिणगी कधी द्यायची ते कळत नाही आणि तो इंजिन बंद करतो.

मी मिस्त्रीला म्हणालो, "मग सोपं आहे. दोन सेन्सर बदला."

तो हसला. "भाऊ, कोड चाळीचं नाव सांगतो. खोली नंबर नाही सांगत."

तरी त्याने सेन्सर बदलले. आधी जळालेल्या इंजिनाचे काढून लावले, मग नवे आणले. तीन दिवस गाडी चांगली चालली, चौथ्या दिवशी करी रोडला दिवा लागला. मग त्याला वाटलं, इंजिन दोन वर्षं नंतरच्या गाडीचं आहे, सेन्सर ज्यावरून वाचतो त्या दात्यांच्या चक्रात फरक असेल. गिअरबॉक्स उतरवून दाते मोजले. तेवढेच होते. मग बॅटरीची अर्थिंगची पट्टी बदलली. मग कॉम्प्युटर काढून लॅमिंग्टन रोडला एकाकडे तपासायला दिला. ते दोन दिवस गेले. तो म्हणाला, कॉम्प्युटर निरोगी आहे.

बाबा रोज येत. गाळ्याच्या दाराशी प्लॅस्टिकचं स्टूल, त्यावर उशी, पँटच्या आत मांडीला बांधलेली पिशवी. दर दोन तासांनी मी त्यांना शेजारच्या इमारतीच्या वॉचमनच्या संडासात घेऊन जायचो.

"तुझा मशिन काय म्हणता?" ते स्कॅनरकडे बघून विचारत.

"तेच दोन कोड, बाबा."

"आमच्या टायमाक इंजिन खोकायचा. कोण खोकता ता ऐकून कळायचा. ह्या गप्प मरता."

एकदा ते म्हणाले, "दिवो लागला तर लागांदे. चालता तवसर चालव. बंद पडली तर दहा मिनटा थांबू."

मी म्हणालो, "घाटात बंद पडली तर? वळणावर, मागे ट्रक असताना?"

टॅक्सीवाल्याला घाट समजावून सांगावा लागत नाही. माझं म्हणणं बरोबर होतं आणि आजही ते मला बरोबर वाटतं. पण त्या बरोबर असण्यातच दिवस जात होते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासायची उरलेली असायची, आणि ती झाली की गाडी होणार असायची. एकोणीस दिवस एकदम समोर ठेवले असते तर मी पहिल्याच दिवशी भाड्याची गाडी सांगितली असती, बाबांना रबरी चादर घालून बसवलं असतं, आणि त्यांनी शिव्या देत का होईना ऐकलं असतं. पण दिवस दोन-दोनने आले.

आत्येचं खाणं कमी होत गेलं. आधी पेज, मग पेजेचं नुसतं पाणी. तेराव्या दिवशी बाबांनी फोन केला तेव्हा ती बोलली नाही. तिच्या मुलाने फोन तिच्या कानाशी धरून ठेवला होता, श्वास ऐकू येत होता.

"बाय," बाबा म्हणाले. "परवा निघतंय."

श्वास तसाच चालू राहिला. बाबांनी फोन माझ्या हातात दिला, कारण त्यांना तो बंद करता येत नव्हता.

सतराव्या दिवशी मिस्त्री वैतागून माझ्याकडे वळला. "भाऊ, तुम्ही त्या वहीत रोज लिहिता काय?"

मी म्हणालो, "दिवा कधी लागला, कुठे लागला, इंजिन किती गरम होतं, किती वेळाने परत सुरू झालं."

"वाचा बघू."

सतरा दिवसांत त्याने वही मागितली नव्हती आणि मी दिली नव्हती. वही माझी, पाना त्याचा, असा आमचा न बोललेला करार होता. मी वाचायला लागलो. पी-०३३५, नऊ वाजून चार मिनिटं. पी-०३४०, नऊ वाजून चार मिनिटं. पुढचा दिवस. पी-०३३५, सव्वासहा. पी-०३४०, सव्वासहा.

"थांबा," तो म्हणाला. "दोन्ही एकाच टायमाला?"

"हो. सातही वेळा."

"एकाच मिनिटाला?"

"एकाच."

तो बोनेटवर हात टेकून उभा राहिला. "मग सेन्सरला कशाला शिव्या घालतोय मी? दोन खोल्यांचं पाणी एकाच वेळी गेलं तर नळ दोघांचे खराब नसतात. खालचा पाइप चोक असतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तुम्ही मला दुसऱ्या दिवशी सांगायला पाहिजे होतं, भाऊ."

मी आकडे लिहिले होते. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. क्रँकचे कोड मी डाव्या पानावर लिहीत होतो आणि कॅमचे उजव्या पानावर, म्हणजे नीट राहावेत म्हणून.

दोन्ही सेन्सरना वीज एकाच तारेने जाते, हे त्याला माहीत होतं. ती तार कुठे कुठे जोडली आहे ते शोधायला त्याला वायरिंगवरची टेप सोडवावी लागणार होती. "उद्याचा दिवस द्या," तो म्हणाला. तो दिवस टेप सोडवण्यात गेला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आत्येच्या मुलाचा फोन आला. पहाटे गेली. बाबा अंथरुणावर बसले होते, मी त्यांची पिशवी बदलत होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

"गेली?"

"हो."

त्यांनी पिशवीचा पट्टा मांडीवर स्वतःच आवळला. मग म्हणाले, "तेंका सांग, थांबा नको. उन्हाचा ठेवा नको." म्हणजे आमच्यासाठी थांबवू नका. दहन दुपारपर्यंत करून टाका. मी तसं कळवलं.

नऊ वाजता शेजारणी आईजवळ येऊन बसायला लागल्या. बाबा उठले आणि म्हणाले, "चल, गाळ्यावर जाऊया." मी नको म्हणालो. ते शर्टाची बटणं लावत राहिले. त्यांना त्या बायकांमध्ये बसायचं नव्हतं, एवढंच मला कळलं. टॅक्सी करून आम्ही गेलो. त्या टॅक्सीत ते सीटच्या कडेला बसले, पाठ न टेकता.

मिस्त्रीला आम्ही काही कळवलं नव्हतं. आम्हाला बघून त्याने लांबूनच हात वर केला. चेहरा फुलला होता.

"सापडलं, काका! या, या, बघा तुमची करामत."

त्याच्या हातात काडेपेटीएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा होता. कपलर म्हणतात त्याला, दोन वायरिंगचा जोड. इंजिनाच्या माथ्यावर, मागच्या बाजूला पट्टीने अडकवलेला असतो. त्याने तो उघडून उजेडात धरला. आत आठ पिना. सहा पिवळ्या, दोन हिरव्या, शेवाळल्यासारख्या. कडेच्या रबराला लाल डाग, आणि त्यात अडकलेला नारळाच्या शेंडीचा एक केस.

"देवाला घोट दिलात, काका, तो सगळा ह्यानेच प्यायला," मिस्त्री हसत म्हणाला. "नारळाच्या पाण्यात मीठ असतं. त्यात करंट. मस्त हिरवं पीक आलंय. इंजिन तापलं की पिनेचा संपर्क तुटायचा, थंड झालं की परत जुळायचा. एकोणीस दिवस खेळवलं माकडाने."

मी त्याला डोळ्यांनी थांबवायचा प्रयत्न केला. त्याला उशिरा दिसलं.

बाबा म्हणाले, "दाखव."

त्यांनी चष्मा चढवला, कपलर हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. तो केस नखाने काढला.

"ह्या साफ होता?"

"होतंय, काका. स्प्रे मारला, ब्रश फिरवला. दहा मिनिटं." आता मिस्त्रीचा आवाज उतरला होता.

"कर मगे."

ते स्टुलावर जाऊन बसले. मी मिस्त्रीला बाजूला नेऊन सांगितलं. त्याने हात फडक्याला पुसले. मग बाबांकडे गेला, समोर उकिडवा बसला. "काका, रबर फाटलेलं होतं. इंजिन काढताना फाटलं, मी नवं टाकलं नाही, तसंच दाबून बसवलं. रबर चांगलं असतं तर पाणी आत गेलंच नसतं. ही माझी चूक."

बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "तुझी नाय रे."

कपलर साफ व्हायला बारा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं, सवयीने. गाडी आम्ही वरळीपर्यंत नेऊन आणली. दिवा लागला नाही. घरी परतताना बाबा माझ्या बाजूला बसले होते. एल्फिन्स्टनच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "वहीत काय लिवतलंस?"

मी म्हणालो, "कपलरमध्ये ओल गेली. रबर फाटलं होतं."

"तेवढाच?"

"तेवढंच."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघितलं. मी तसंच लिहिलं. तेविसाव्या पानावर आहे ते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कारखान्यात कुणी मूळ कारणाच्या रकान्यात असं लिहून आणलं तर मी कागद परत पाठवतो. ओल कुठून आली ते लिहा, असा शेरा मारतो. आणि ती कुठून आली हे माझ्याच वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, वेळेसकट लिहिलेलं होतं. एकोणीस दिवस मी रोज वही उघडायचो तेव्हा ती ओळ सगळ्यात आधी दिसायची. मला ती पूजेची ओळ वाटायची. दोष शोधायला मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करायचो.

बाराव्याला आम्ही गावी गेलो. साडेअकरा तास लागले, सहा ठिकाणी थांबलो. घाटात गाडी एकदाही अडखळली नाही. बाबांनी मला ती घरापासून लांब, बांधाच्या अलीकडे उभी करायला लावली आणि तिथून काठी टेकत चालत गेले. खोलीत आत्येची खाट उभी करून भिंतीला लावली होती. बाबा तिच्या जागी जमिनीवर बसले. तिथे मी त्यांना एकटं सोडलं.

दसऱ्याला आत्येला जाऊन आठ महिने झाले होते. बाबा आणखी खंगले होते. सकाळी मी गाडी धुतली, झेंडूचा हार बांधला. आईने नारळ दिला. बाबा दोन जिने उतरून खाली आले. इंजिनाला कुंकू लावायला मी सवयीने बोनेट उघडलं.

"ता बंद कर," ते म्हणाले.

मी बंद केलं. त्यांनी बोनेटच्या पत्र्यावर कुंकवाचं एक बोट लावलं. मग नारळ घेऊन ते गाडीपासून दूर, चाळीच्या नळाजवळच्या कपडे धुवायच्या दगडाशी गेले. एका फटक्यात नारळ फुटला नाही, तीन लागले. पाणी दगडावरून गटारात गेलं. सगळं जाईपर्यंत ते वाट्या उपड्या धरून उभे राहिले.

परत येऊन त्यांनी खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"गाडी आता जाता ना गावाक?"

"जाते, बाबा."

"मगे बरा," ते म्हणाले, आणि कठडा धरून जिना चढायला लागले.